नदीकडच्या भाकरी

“आता ह्यातनं कशा निवडायच्या? भाकरीला काय आधारकार्ड असतंय व्हय?”

कनातीच्या पलीकडून, सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या सोमाजीचा आवाज आला. दबका, पण चिडका. कनातीला वाटत असतं आपण भिंत आहोत; बाकी ती एक लाल-पिवळं कापडच. साळुबाई अलीकडे बसून कोथिंबीर निवडत होती, आणि तिच्या कानापासून सोमाजीच्या तोंडाचं अंतर फार तर हातभर.

“मला काय ठावं,” हा म्हातारा जानकू. “मी बैलगाडीनं भाकरी आणायचो तवा दोन फेऱ्या मारायचो. आधी गाव, मंग नदीकडं. तुमच्या जावयानं एकाच फेरीत समदं भरून आणलं, नि वतलं एकाच चादरीवर.”

“हळू बोल. ती बसलीय तिथं.”

“कोण?”

“ती.”

जानकूला कळलं. साळुबाईलाही कळलं, शेडच्या कट्ट्यावर बसलेली द्रौपदा. कोथिंबिरीची काडी हातात तशीच राहिली.

चैत्रातल्या सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. देवळात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. ते संपलं की गावजेवण, आणि आळ्यापासून ओझरापर्यंतच्या ह्या पट्ट्यात गावजेवण म्हणजे आमटी-भाकरी, दुसरं काही नाही. आमटी देवळापुढं शिजते, लहान पोर उभं राहिलं तर दिसणार नाही एवढ्या कढईत. भाकरी मात्र कुणी एकजण करत नाही. घरटी बारा. सकाळी उठून घरोघरच्या बायका आपापल्या बारा थापतात, फडक्यात बांधून देतात, आणि अकराच्या सुमाराला देवळामागच्या शेडमध्ये धुतलेल्या चादरीवर सगळ्या गावाची एक रास लागते.

एक रास लागते, असं म्हणायची पद्धत. लागतात दोन. दुसरी लहान, शेडच्या पार टोकाला, चिंचेच्या अंगाला, वेगळ्या फडक्यावर. तिला म्हणायचं नदीकडच्या भाकरी. नदीकडं अठरा घरं आहेत आणि एक छोटं, पिवळ्या रंगाचं बुद्धविहार आहे. तशी नदी सगळ्याच गावाला आहे. सोमाजीचा मळा तर नदीत पाय सोडून बसलाय. पण सोमाजीच्या भाकरी नदीकडच्या नसतात.

त्या अठरा घरांची पंगत त्या अठरा घरांच्या भाकरींवर बसते. का, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर सांगायला बरंच असतं: त्या उशिरा येतात, गार असतात, त्यांना चिंचेची सावली बरी पडते. नदीकडच्या द्रौपदाला एकदा तिच्या लेकीनं, रत्नानं, विचारलं होतं, “आई, आपण सप्ताह करत नाही, मग भाकरी का देतो?” तर द्रौपदा म्हणाली, “देव त्यांचा. जेवान गावाचं. गावातनं मी कशाला निघू?”

ह्या वर्षी भाकरी गोळा करायला सोमाजीचा जावई पप्पू गेला होता. मंचरचा गडी, टोमॅटोच्या गाडीचा धंदा इथं बरा चालतो म्हणून वर्षभरापूर्वी सासुरवाडीलाच येऊन राहिलेला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगणार काय? जे बोलायचंच नाही ते नव्या माणसाला शिकवायचं कसं? त्यानं आपला शहाण्यासारखा एका टोकाला पिकअप लावला आणि दुसऱ्या टोकाला आणला. नदीकडं द्रौपदा डोक्यावर पाटी घेऊन निघालेली दिसली, तर “मावशी, उन्हाचं कुठं चालताय, बसा की फुडं,” म्हणून तिलाही शेजारी बसवून आणली. एरवी पंगतीची हाक आल्यावर येणारी द्रौपदा आज भाकरींच्या बरोबरच येऊन शेडच्या कट्ट्यावर बसली होती. पांढरी साडी, गुडघ्यावर रिकामी पाटी. नवरा हनुमंत गेल्यापासून ती फार कुठं येत नसे.

“साळुवयनी,” कनातीला धरून सोमाजीनं डोकं आत घातलं, “जरा इकडं येता का? तुमच्याशिवाय व्हनार न्हाई.”

होणार नव्हतंच. भाकरीवरून घर सांगणारी बाई म्हणून साळुबाईचं नाव पंचक्रोशीत होतं. तीसेक वर्षांमागं असल्याच एका सप्ताहात पैज लागली होती. तिनं वीस भाकरी हातात घेऊन वीस घरं सांगितली होती. ही जाड, पिठाला चाळणी नाही. ही एका बाजूनं करपलेली, घरात भांडण झालेलं. ही गॅसवरची. ही लेकीनं केलीय, आईनं नुसती भाजलीय. लोक हसून लोळले होते. तेव्हापासून गावात नवी सून आली की सासू तिला आठ दिवस साळुबाईच्या चुलीपुढं पाठवी. एवढ्या सुना झाल्या की तिनं मोजायचं सोडून दिलं. पहिल्या सुनांच्या सुनासुद्धा येऊन गेल्या.

ती उठली, पदराला हात पुसले आणि रासेपुढं आली.

आणि तशीच उभी राहिली.

तिनं रास काय आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती? पण दरसाल दोन राशी असायच्या. ही एकच होती, कमरेएवढी. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या तिरिपी येत होत्या आणि त्या राखी-हिरवट, काळसर, मधेच पांढुरक्या चकत्यांवर पडत होत्या. तीन हजारांना शे-सव्वाशे कमी. सगळ्या आज पहाटेच्या. एवढे हात पहाटे चार वाजता एकाच कामाला लागले होते, एकमेकांना न दिसता. बाजरीचा गरम, गोडसर वास असा भरून आला होता की श्वास घ्यायचा म्हणजे जेवल्यासारखंच.

तिला एकदम खोडद आठवलं.

महिन्याभरापूर्वी, अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला रत्नानं बचत गटाच्या बायकांना खोडदची दुर्बीण दाखवायला नेलं होतं. रत्ना हायस्कूलला विज्ञान शिकवते. त्या पांढऱ्या जाळीच्या तबकड्या साळुबाईनं एस्टीतून जन्मभर बघितल्या होत्या; आभाळाकडं तोंड करून कुणीतरी पालथ्याच्या उताण्या केलेल्या कढया. आत मंडपात एक चष्म्यावाली पोरगी उभी होती. तिच्यापुढं दाराएवढा काळा कागद, त्यावर पांढरे ठिपके.

“ह्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा,” ती म्हणाली. “एकेकीत दहा-वीस हजार कोटी तारे.”

साळुबाईनं द्रौपदाचा हात धरला होता. तो तिनं सोडला नाही.

पोरीकडं पुठ्ठ्याच्या दोन चौकटी होत्या, एक लहान, एक मोठी. “कुठंही ठेवा आणि आतले ठिपके मोजा.” साळुबाईनं लहान चौकट ठेवली: तीन. दुसरीकडं ठेवली: एकोणीस. तिसरीकडं एकही नाही, नुसता काळोख. मग मोठी ठेवली. वर ठेवली, खाली ठेवली, कोपऱ्यात ठेवली. मोजून मोजून डोळे दुखले, पण दर वेळी जवळजवळ तेवढेच.

“बघितलंत? जवळून बघितलं तर कुठं गर्दी, कुठं ओसाड. पण तीस-चाळीस कोटी प्रकाशवर्षांची चौकट घेतली की विश्व सगळीकडं सारखं. समांगी.”

“समांगी म्हंजी एकजीव?” साळुबाईनं रत्नाला विचारलं.

“एकजीव आपण दिसण्यावरून म्हणतो, मावशी. सारण एकजीव झालं, दिसत नाही आता गूळ वेगळा. समांगी म्हणजे कुठूनही घ्या, तपासून बघा, तेच निघालं पाहिजे. साखरेचा पाक असतो तसा. वरचा थेंब घ्या, तळाचा घ्या.”

“मंग आपली आमटी?”

“आमटी कसली समांगी! डाळ तळाला, कट वर. वाढणारा कुणाला कुठली पळी घालतो त्याच्यावर सगळं.”

द्रौपदा त्या काळ्या कागदाकडं बघत म्हणाली, “येवढं लांब जाऊन बघितलं तर आमची वस्ती नि तुमची आळी एकच दिसायची, साळे.” आणि खुदकन हसली. चष्म्यावाली पोरगीही हसली, तिला काय कळलं देव जाणे. परतीच्या वाटेवर साळुबाई घडीघडी आभाळाकडं बघत होती. भरदुपारचं आभाळ. एक ठिपका दिसत नव्हता, पण तिच्या अंगावर काटा राहिला तो घरी येईपर्यंत.

“वयनी?” सोमाजीनं घसा साफ केला. “आवं, कीर्तन संपत आलंय. तेवढ्या बाजूला काढल्या म्हंजी...”

“कुठल्या?”

“त्याच. नदीकडच्या.”

“मामा, पण निवडायच्या कशाला?” पप्पू पिकअपच्या फाळक्याला टेकून उभा होता. “समद्या बाजरीच्याच हायत की.”

“गरम-गार बघत्यात,” जानकू म्हणाला.

“समद्या गारच हायत.”

“जावयबापू, तुमी पत्रावळ्या आणा जावा,” सोमाजी म्हणाला.

कट्ट्यावर द्रौपदा पाटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिनं मान वर केली नाही. पण साळुबाईला माहीत होतं, ती ऐकतेय. आणि हेही माहीत होतं की आता आपला हात त्या रासेत गेला आणि द्रौपदाची भाकर ओळखून बाहेर निघाली, तर ती दोघींच्या मधे पडेल. चाळीस वर्षं कांद्याच्या वाफ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या दोन बायकांच्या मधे. नाही काढली, तर साऱ्या गावापुढं “मला ओळखू येत न्हाई” म्हणायचं. म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव पुसायचं.

साळुबाई देवमाणूस नव्हती. तिनं हात घातला.

नदीकडचं पीठ तिला ठाऊक होतं, पण सगळ्यांत खात्रीची खूण द्रौपदाचीच. लहानपणी विळ्यानं द्रौपदाची डावी करंगळी कापली होती. ती वाकडीच सांधली. थापलेली भाकर उचलताना ती करंगळी कडेला रुतायची आणि तिथं हरभरा बसेल एवढा खळगा उठायचा. दर भाकरीला. ही खूण साळुबाई सोडून कुणाला माहीत नव्हती, आणि तिला माहीत असायलाही कारण होतं.

ती सोळाव्या वर्षी इथं सून म्हणून आली ती आंबेगावच्या पश्चिमेकडून, डोंगरातल्या भाताच्या मुलखातून. ते माहेर पुढं धरणाच्या पाण्याखाली गेलं. बाजरीची भाकर तिनं बघितली होती, थापली नव्हती. पहिल्या आठवड्यात सासूनं तिच्या तुटक्या भाकरी अंगणात कोंबड्यांना टाकल्या आणि शेजारणींना बोलावून दाखवल्या. मग खुरपणीच्या दिवसांत, विहिरीजवळ तीन दगडांच्या चुलीवर, दुपारच्या सुट्टीत द्रौपदानं तिला शिकवलं. आपल्या गाठोड्यातलं पीठ काढून. मनगटाच्या जोरावर मळ, रेटून रेटून मळ. थापताना भाकर फिरली पाहिजे, तू न्हाई. आणि शेवटी उचलताना कडेला अशी करंगळी. साळुबाईला वाटलं, भाकर अशीच उचलतात. तिची करंगळी सरळ होती. तिनं मुद्दाम वाकवून शिकून घेतली. पुढं कळलं तोवर हाताला सवय झाली होती.

पंधरा दिवसांनी सासूनं भाकर मोडली, पापुद्रा सुटलेला बघितला आणि विचारलं, “कुनी शिकवलं गं?” दाराबाहेर द्रौपदा खुरपी परत द्यायला आली होती. साळुबाई म्हणाली, “आपोआप आलं.”

द्रौपदानं खुरपी ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी कामावर ती नेहमीसारखीच बोलली. त्या उत्तराबद्दल दोघींत त्यानंतर कधी शब्द निघाला नाही.

रासेतून पहिली भाकर निघाली. खळगा होता. पण पीठ बघितलं तर स्वतःच्याच घरचं, ही आपलीच. तिनं ती ओच्यात ठेवली. दुसरी काढली: खळगा. पण ही गॅसवरची, सोमाजीच्या सुनेची, आठ दिवस चुलीपुढं बसून गेलेली. तिसरीला खळगा नव्हता. चौथीला होता. वाण्याच्या आळीतली. पाचवीला होता. ही तर वरच्या मळ्यातली, त्या घरातल्या दोन पिढ्या साळुबाईच्या हाताखालून गेल्या होत्या.

असं कसं?

तिनं एका अंगानं दहा भाकरी ओढल्या, जमिनीवर मांडल्या, कडा चाचपल्या. सात. रासेच्या पार दुसऱ्या अंगाला गेली, तिथून दहा. सात. मग पदर खोचला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि अगदी पोटातून, जिथं अजून ऊब होती तिथून दहा काढल्या. आठ. पुन्हा एकदा वरून. सात.

ती रासेपुढंच खाली बसली.

एकेक भाकर धरली तर कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची करपलेली. तेवढंच ती जन्मभर बघत आली होती, त्याच्यावरच तर तिचं नाव होतं. हा खळगा तिला कधी दिसलाच नव्हता. आपलं नाक आपल्याला दिसत नाही तसा. विहिरीजवळच्या त्या तीन दगडांवरून तो तिच्या हातात आला, तिच्या हातातून सुनांच्या, सुनांकडून लेकींच्या, लेकींबरोबर आळ्याला, निमगाव साव्याला, मंचरला, कुठं कुठं गेला असेल. चाळीस वर्षं रोज दोन वेळा, घराघरातल्या तव्यावर एक वाकडी करंगळी टेकत आली होती. चौकट कुठंही ठेवा. तीन हजार भाकरींची ती रास उन्हात नुसती स्वस्थ पडली होती आणि साळुबाईला वाटलं, आपण पुन्हा त्या काळ्या कागदापुढं उभ्या आहोत. तेव्हा आला होता तसाच काटा तिच्या दंडावर उभा राहिला. तिचे डोळे भरून आले, आणि का ते तिला एका शब्दात सांगता आलं नसतं.

तिनं कट्ट्याकडं बघितलं. द्रौपदा तिच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चाळीस वर्षांमागं खुरपी ठेवून जातानाही नव्हता, आणि तेच साळुबाईला सोसेना.

देवळात काला झाला, दहीहंडी फुटली, टाळ थांबले. माणसं शेडकडं यायला लागली. सोमाजीनं माईक घेतला. “माऊली, पंगती धरा! आमचे शांतीलालशेठ कांदा-लसूण खात न्हाईत, त्यांच्यासाठी वेगळी आमटी केलेली हाय, डाव्या हाताला छोटं पातेलं! दरवर्साप्रमाणं मसाला शेठचाच! आपलं गाव एकजीव हाय, मंडळी, हीच आपल्या गावाची शोभा!”

शांतीलालशेठनं पातेल्यापाशी उभं राहून सगळ्यांना हात जोडले. त्याचं वेगळं होतं ते माईकवरून सांगण्यासारखं होतं. त्यानं स्वतःच मागून घेतलेलं. साळुबाईला आज पहिल्यांदाच वाटलं, की जे वेगळं माईकवरून सांगता येत नाही ते कसलं असतं.

“वयनी, झालं का?” सोमाजी लगबगीनं आला, माईक हातातच. “निघाल्या?”

“कुठल्या भावजी?”

“आता काय सांगावं! नदीकडच्या.”

“तुमचा मळा नदीकडंच हाय की. तुमच्या काढू?”

मागं चार बायका हसल्या. पत्रावळ्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन पप्पू येऊन थांबला होता. सोमाजीनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “चेष्टेची वेळ न्हाई, वयनी. तुमाला म्हायतीय मी काय म्हनतोय.”

“म्हायतीय. पर आज मला तुमच्या तोंडून आयकायचंय. कुनाच्या भाकरी बाजूला काढू? नाव घ्या. मी लगेच काढते.”

सोमाजीनं जानकूकडं बघितलं, जानकू चिंचेकडं बघत होता. शेडमध्ये तोवर शंभरेक माणूस जमलं होतं. सोमाजीनं अंगठ्यानं माईकचं बटण बंद केलं.

साळुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. ओच्यातली आपली भाकर तिनं हातात घेतली. ती चालत कट्ट्यापाशी गेली, द्रौपदाचा डावा हात उचलला, आणि भाकरीच्या कडेच्या त्या खळग्यात तिची वाकडी करंगळी ठेवली. बरोबर बसली. द्रौपदानं आधी भाकरीकडं बघितलं, मग साळुबाईकडं, मग रासेकडं. बराच वेळ रासेकडं.

“साळे,” ती हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं.”

“लई ऱ्हायलं,” साळुबाई म्हणाली, आणि वळली. माईक लागावा असा तिचा आवाज नव्हताच कधी.

“भावजी, तुमाला म्हनायचंय की बौद्धांच्या भाकरी आपल्यात नकोत. दरसाल हेच म्हनायचं असतंय, नि दरसाल आपून नदी म्हनतो, सावली म्हनतो, गरम-गार म्हनतो. मीबी म्हनत आले. मला भाकर आपोआप न्हाई आली, भावजी. ह्या द्रौपदानं शिकवली, आपल्या गाठोड्यातल्या पिठानं. मी तुमच्या सुनांना शिकवली. तिच्या बोटाची खूण हाय ह्या रासेत, कुठूनबी हात घाला. आता काढा बाजूला. पैली माझी काढा, मंग तुमच्या घरची.”